नणंदेचा कॅटलॉग, हॉटेलातला सेमिनार आणि भिशीचे चाळीस हजार

प्रिय ताई,

मी कराडला राहते. वय 36. बेसिक पार्लरचा कोर्स केलाय, घरीच पुढच्या खोलीत थ्रेडिंग, वॅक्सिंग, फेशियल करते. पंधरा-वीस बायका नेहमीच्या आहेत. मुलगा सातवीत आहे, सासूबाई थकल्यात, त्यामुळे बाहेर नोकरी जमणार नाही. भिशीचे 40,000 रुपये हातात आलेत आणि घरबसल्या काहीतरी मोठं करावं असं वाटतं.

पुण्याची नणंद एका परदेशी ब्युटी कंपनीत आहे. कॅटलॉग दाखवायचा, ऑर्डर घ्यायची. ती म्हणते, "वहिनी, तुझ्याकडे तर गिऱ्हाईक आयतं आहे." दुसरीकडे ह्यांच्या ऑफिसातल्या एका जोडप्याने आम्हाला हॉटेलात सेमिनारला नेलं. ती देशी कंपनी आहे, ब्युटी आणि वेलनेस. 18,000 चं पॅकेज घ्यायचं, डावीकडे-उजवीकडे माणसं लावायची. तीन जणी आणल्या की पॅकेजचे पैसे वसूल, असं सांगितलं. आणि एका मैत्रिणीने मोबाईलवर एक ॲप दिलंय, त्यात 5,000 भरले की स्किन केअरच्या ऑर्डरी "पूर्ण" करायच्या आणि रोज कमिशन. ह्यांचं मत आहे की हे सगळं चेन मार्केटिंग. नणंदेला नाही म्हटलं तर ती दुखावेल. तिन्हींपैकी कुठली कंपनी चांगली?

— एक वाचक, कराड

---

ताई, तुम्ही पत्रात कंपन्यांची नावं लिहिली आहेत, ती मी गाळली. कारण नावाने हा प्रश्न सुटत नाही. अमेरिकेतली एव्हॉन घ्या. डेव्हिड मॅककॉनेल नावाचा दारोदार पुस्तकं विकणारा माणूस पुस्तकांबरोबर अत्तराच्या छोट्या बाटल्या वाटायचा. बायकांना पुस्तकापेक्षा अत्तर आवडतंय हे बघून त्याने 1886 साली धंदाच बदलला. घरोघरी जाऊन सौंदर्यप्रसाधनं विकण्याचा सगळा रिवाज तिथून वाढला. त्याच कंपनीने ऑगस्ट 2024 मध्ये अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. पुढच्याच महिन्यात घरोघरी प्लास्टिकचे डबे विकणाऱ्या टपरवेअरनेही. तेव्हा "कंपनी किती जुनी, किती देशांत आहे" हे सेमिनारमध्ये मोठ्या पडद्यावर दाखवलं, तरी त्याने तुमच्या चाळीस हजारांची हमी मिळत नाही.

मी एकच गोष्ट बघायला सांगते. ज्या बाईला कंपनीत यायचंच नाही, कमिशन नको, आयडी म्हणजे सभासद नंबर नको, ती बाई हीच क्रीम पूर्ण किमतीला दुसऱ्यांदा मागते का? मागत असेल तर धंदा आहे. वस्तू फक्त आत आलेल्या बायकाच घेत असतील, आणि त्याही कंपनीने ठरवलेले महिन्याचे पॉइंट भरायला, तर तिथे विकलं जातंय ते सभासदत्व. क्रीम नुसती निमित्ताला आहे.

ही कसोटी तुमच्या तिन्ही पर्यायांना लावू. ॲपला ती लागतच नाही, कारण तिथे क्रीमच नाही. त्याचं शेवटी बघू.

हॉटेलातल्या सेमिनारचं आधी. 18,000 चं पॅकेज, डावा पाय-उजवा पाय म्हणजे तुमच्याखाली माणसांच्या दोन रांगा, दोन्हीकडची जोडी जुळली की पैसे. तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, पण त्या पॅकेजमध्ये वस्तू कोणत्या आहेत हे अख्ख्या पत्रात नाही. म्हणजे तिथे कुणी सांगितलंच नसणार, किंवा सांगितलं तेव्हा तुमचं लक्ष स्टेजवरच्या गाडीच्या चावीकडे असणार. "तीन जणी आणा, पैसे वसूल" हे वाक्य मात्र तुम्हाला नीट आठवतंय. ते तसंच लक्षात ठेवा, कारण कायद्याने नेमकं तेच बंद केलंय. 28 डिसेंबर 2021 ला केंद्र सरकारने ग्राहक संरक्षण कायद्याखाली थेट विक्रीचे, म्हणजे दुकानाशिवाय माणसांमार्फत माल विकण्याचे नियम आणले. दुसरी गिऱ्हाइकं आणलीत तर तुमच्या खरेदीची किंमत भरून निघेल असं आमिष दाखवून वस्तू विकायला त्यात मनाई आहे. पिरॅमिड योजना, म्हणजे माणसं जोडत जाऊन त्यावर पैसे मिळवायची साखळी, चालवायला मनाई आहे, त्यात माणसं भरती करायलाही आहे. हा "करायलाही" तुमच्यासाठी महत्त्वाचा. उद्या प्रकरण पोलिसांत गेलं तर तुम्ही आणलेल्या तीन जणी कंपनीच्या मुख्य ऑफिसात जाणार नाहीत, तुमच्या पुढच्या खोलीत येतील. त्याआधीपासून 1978 चा बक्षीस चिट आणि पैशांच्या साखळी योजनांवर बंदी घालणारा कायदा आहेच.

त्या जोडप्याने फळ्यावर "फक्त सहा जण" काढून दाखवले असतील. गणित मीही करून बघितलं. तुम्ही सहा आणले, त्या प्रत्येकाने सहा, असं करत अकराव्या पायरीला 36 कोटी माणसं लागतात. 2011 च्या जनगणनेत अख्खा महाराष्ट्र 11 कोटी 24 लाखांचा होता, त्यात तान्ही बाळंही आली. कराडमध्ये हा खेळ पाचव्या-सहाव्या पायरीलाच दमतो आणि शेवटच्या पायरीवर जे असतात त्यांचं पॅकेज कपाटात राहतं. शेवटच्या पायरीवर नेहमीच सगळ्यात जास्त माणसं असतात.

इथे तुमच्या यजमानांचं बरोबर आहे. पण "सगळंच चेन मार्केटिंग" म्हणून ते नणंदेच्या कॅटलॉगलाही त्याच टोपलीत टाकतात, ते मला पटत नाही. थेट विक्री आपल्याकडे कायदेशीर आहे. ओरिफ्लेम 1995 पासून भारतात आहे, मोदीकेअर 1996 ची, ॲमवेची विक्री 1998 पासून. ह्यातलं कुणी स्वच्छ आणि कुणी नाही असा दाखला मी देत नाही. ॲमवेच्या 757 कोटींहून जास्त मालमत्तेवर ईडीने एप्रिल 2022 मध्ये टाच आणली आणि पिरॅमिड योजनेचा आरोप ठेवला. मोठ्या नावालाही असं होऊ शकतं, म्हणून करार वाचायचा.

आता नणंदेचा कॅटलॉग. हा खरा विचार करण्यासारखा पर्याय आहे, म्हणून इथे जरा हिशेब मांडू.

समजा तुमच्या वीस बायकांपैकी दहा जणी महिन्याला सरासरी 600 रुपयांची खरेदी करतात. विक्री झाली 6,000. तुम्हाला वस्तू छापील किमतीपेक्षा 20 टक्के कमी दराने मिळते असं धरू, म्हणजे सुटले 1,200. पण कराडमध्ये, नेहमीच्या गिऱ्हाइकाला, पूर्ण छापील किमतीला कोण देतं? "माझ्यासाठी काही कमी नाही का गं?" हे वाक्य तुम्ही रोज ऐकत असाल. दहा टक्के सोडलेत की राहिले 600. त्यातून ऑर्डर मागवण्याचा खर्च, कॅटलॉगची किंमत, हाताला लावून दाखवायची एक लिपस्टिक, एखादीची "पुढच्या पगाराला देते" ही उधारी. हातात साडेचारशे आले तरी बरं म्हणायचं. तुमच्या थ्रेडिंगचे किती घेता? 50 धरले तर नऊ जणींच्या भुवया केल्या की तेवढेच पैसे, आणि त्यासाठी भिशी मोडावी लागत नाही. दोऱ्याचं रीळ किती दिवस पुरतं ते तुम्हालाच माहीत.

"पण वर कमिशन आहे ना, टीमचं!" नणंद म्हणेल. आहे. आणि बहुतेक बायकांचे पैसे नेमके तिथेच गळतात. प्रत्येक वस्तूला पॉइंट असतात, कुठे पीव्ही म्हणतात, कुठे बीव्ही, कुठे बीपी. महिन्याला ठरावीक पॉइंट झाले तरच तुम्ही "ॲक्टिव्ह", आणि ॲक्टिव्ह असाल तरच टीमचं कमिशन. मग 29-30 तारखेला अपलाइनचा, म्हणजे तुम्हाला जोडणाऱ्या वरच्या बाईचा फोन येतो. "ताई, फक्त चाळीस पॉइंट कमी पडतायत, एवढ्यासाठी लेव्हल कशाला घालवता? लागणारच आहे घरात, घेऊन टाका." घरात सनस्क्रीन आहे, तरी आणखी एक येते. पुढच्या महिन्यात नाइट क्रीम. सहा महिन्यांनी कपाटाचा वरचा खण भरतो, वापरायची मुदत जवळ येते, मग त्या वस्तू लग्नाच्या आहेरात जातात, नाहीतर संक्रांतीच्या वाणात. शेजारच्या बाईने हळदीकुंकवाला वाण म्हणून फेसवॉशचं पाऊच दिलं आणि जाताना "नंबर देऊन ठेवा हां" म्हटलं, असा अनुभव आपल्या वाचकमैत्रिणींपैकी अनेकींना असेल. हळदीकुंकवाला यायचं की नाही याचा बायका दोनदा विचार करायला लागतात, हे नुकसान कुठल्याच तक्त्यात दिसत नाही.

म्हणून नणंदेला दोन कागद मागा. प्रेमाने मागा, पण मागा. एक, तिचं 26एएस, म्हणजे आयकराच्या साइटवर मिळणारा टीडीएसचा (पैसे देतानाच कापलेल्या कराचा) उतारा. कमिशन वर्षाला 20,000 च्या वर गेलं की कंपनीला टीडीएस कापावा लागतो, त्यामुळे महिन्याला हजारो कमावणाऱ्या प्रत्येकीच्या नावावर तो दिसतो. चेकचा फोटो, स्टेजवरचा हार, बँकॉकच्या सहलीचं रील ह्यांना मी पुरावा धरत नाही. दोन, त्याच वर्षातली तिची स्वतःच्या आयडीवरची खरेदीची बिलं. पहिल्यातून दुसरं वजा करा, आणि त्यातल्या किती वस्तू तिने पैसे घेऊन बाहेर विकल्या ते विचारा. नणंद प्रामाणिक असेल तर हा हिशेब तिलाही पहिल्यांदाच दिसेल. तेव्हा जरा जपून, चारचौघांत नको.

हॉटेलवाल्या जोडप्यालाही हेच दोन कागद मागून बघा. मला वाटतं त्यानंतर त्यांचे फोन कमी होतील.

कागद समाधानकारक निघाले तर कंपनीची तपासणी करा. कंपनीचं भारतात नोंदणीकृत ऑफिस हवं, वेबसाइटवर तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि फोन हवा. तक्रार केली की 48 कामकाजी तासांत पोच मिळायला हवी. तो फोन लावून बघा, उचलतात का ते. सभासद होण्यासाठी प्रवेश फी मागत असतील तर तिथेच थांबा; 2016 च्या सरकारी मार्गदर्शक तत्त्वांपासूनच ती चालत नाही. लेखी करार मागा आणि त्यातली दोन कलमं आधी शोधा: करार केल्यावर किती दिवसांत काही न गमावता बाहेर पडता येतं, आणि न विकलेला माल कंपनी किती दिवसांत, किती टक्के कापून परत घेते. "परत घेते ना, आपल्याच लोकांचं आहे" असं तोंडी उत्तर आलं तर ते नाही असं धरा. आणखी एक, ह्या नियमांप्रमाणे तुम्ही कुणाच्या घरी ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ ठरवल्याशिवाय विकायला जाऊ शकत नाही. गावात हे कुणी पाळत नाही, मला माहीत आहे. तुम्ही पाळा. आधी फोन करून गेलेल्या बाईला लोक चहा विचारतात.

मग वस्तू ॲमेझॉनवर शोधा. हे अगदी साधं, पण फार थोड्या जणी करतात. थेट विक्रीच्या कंपन्यांचा माल तिथे बऱ्याचदा तुमच्या खरेदीच्या दरापेक्षाही स्वस्त दिसतो. तो कुठून येतो? बराचसा पॉइंटसाठी घेतलेला आणि पडून राहिलेला माल असतो. ॲमवे, मोदीकेअर आणि ओरिफ्लेम ह्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या होत्या. जुलै 2019 मध्ये त्यांच्या बाजूने मनाईहुकूम मिळाला, पण जानेवारी 2020 मध्ये खंडपीठाने तो उठवला. तुमच्या गिऱ्हाइकाच्या हातात मोबाईल आहे. ती तुमच्यासमोर खुर्चीत बसून, चेहऱ्याला पॅक लावलेला असताना, किंमत शोधणार.

तुमच्या बाबतीत एक गोष्ट नणंदेपेक्षा वेगळी आहे, आणि ती मला सगळ्यात जास्त महत्त्वाची वाटते. नणंद लिपस्टिक विकते. तुम्ही लोकांच्या चेहऱ्याला हात लावता. वीस बायका डोळे मिटून तुमच्यापुढे बसतात ते तुमच्यावर भरवसा आहे म्हणून. उद्या "ताईंनी दिलेल्या क्रीमने चट्टे आले" असं झालं तर वस्तू कंपनीची असली तरी पार्लर तुमचं बंद पडेल. 2023 च्या सुरुवातीला अकोल्यातल्या एका कुटुंबाची बातमी तुम्ही वाचली असेल. ब्युटिशियनकडून घेतलेली गोरं करणारी क्रीम, घरातल्या तिघींनी वापरली, तिघींच्या मूत्रपिंडांवर परिणाम. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपास झाला तेव्हा क्रीममध्ये पारा सापडला. ती कुठल्या कॅटलॉगची क्रीम नव्हती, पण धडा तुमच्याच पेशाचा आहे.

तेव्हा कुठलीही डबी हातात आली की आधी उलटी करा. उत्पादकाचं नाव आणि पूर्ण पत्ता, बॅच नंबर, वापरायची शेवटची मुदत, उत्पादन परवान्याचा नंबर, घटकांची यादी. परदेशातून आलेली असेल तर आयात करणाऱ्याचं नाव आणि नोंदणी प्रमाणपत्राचा नंबर. यातलं एक जरी नसेल तर ती वस्तू तुमच्या खोलीत नको, किंमत काहीही असो. मोठ्या डब्यातून छोट्या डब्यांत काढून विकू नका. नवीन वस्तू आधी गिऱ्हाइकाच्या कोपराच्या आतल्या बाजूला थोडी लावा, एक-दोन दिवस थांबा, मग चेहरा. आणि "वांग जाईल", "पिंपल्स कायमचे बंद", "थायरॉइडलाही चालतं" असली वाक्यं कंपनीच्या व्हिडिओत असली तरी तुमच्या तोंडून नकोत. वांगाला त्वचेच्या डॉक्टरकडे पाठवा. एखादं गिऱ्हाईक त्या दिवशी क्रीम घेणार नाही, पण पुढच्या महिन्यात फेशियलला नक्की येईल.

माझा सल्ला मागाल तर असा. चाळीस हजारांतले 2,000 नणंदेच्या कॅटलॉगला द्या, त्याहून एक रुपया जास्त नको. प्रवेश फी नाही, साठा नाही, ऑर्डर आली आणि अर्धे पैसे हातात आले तरच मागवायचं. तीन महिने एकाही बाईला सभासद करू नका. नणंद म्हणेल की टीमशिवाय मजा नाही, म्हणू दे. एका वहीत तीनच रकाने ठेवा: कुणी घेतलं, किती सुटले, पुन्हा मागितलं का. तिसऱ्या रकान्यात नावं दिसली तर चालू ठेवा, म्हणजे ती वस्तू तुमच्या पार्लरला शोभते. नाही दिसली तर त्या 2,000 मध्ये तुम्हाला उत्तर मिळालं आणि नणंदेचा मानही राहिला.

उरलेले 38,000 मी तुमच्याच हाताच्या कामात घालेन. एक चांगली खुर्ची, स्टीमर, वॅक्स हीटर, किंवा नवरीच्या मेकअपचा एखादा महिन्याचा कोर्स. लग्नसराईत एका नवरीच्या मेकअपचे तुमच्या भागात काय घेतात ते जरा विचारून बघा आणि वरच्या साडेचारशेच्या शेजारी ठेवा. पार्लरला लागणारा माल पार्लरच्या होलसेल दुकानातूनही मिळतो, तिथे पॉइंट नाहीत आणि महिनाअखेरीचा फोनही येत नाही. उद्यम नोंदणी करून ठेवा, ऑनलाइन फुकट होते. पुढे कमी पडलं तर मुद्रा योजनेत शिशु गटात 50,000 पर्यंत कर्ज मिळतं. ते यंत्रसामग्रीसाठी काढा, कपाटात ठेवायच्या क्रीमसाठी नको.

नणंद दुखावेल ही तुमची काळजी आहेच, तर तिला काय सांगायचं? "तुझी वस्तू मी विकून बघते, पण मला आयडी टाकायला आणि माणसं जोडायला जमणार नाही, घरात सासूबाई आहेत" असं सांगा. सासूबाई तिच्या आईच, त्यामुळे ह्यावर तिला फार बोलता येणार नाही. ह्यांच्या ऑफिसातल्या जोडप्याला नकार तुमच्या यजमानांनी द्यावा. त्यांचं मत इतकं ठाम आहे तर तेवढं काम त्यांना करू दे.

आणि ते ॲप. आत्ताच काढून टाका. पैसे भरून "ऑर्डर पूर्ण" करायच्या आणि कमिशन घ्यायचं, ह्यात वस्तू नाही, गिऱ्हाईक नाही, कंपनीही नाही. पहिले दोन-चार दिवस दोनशे-तीनशे रुपये खात्यात येतात ते पुढचे मोठे पैसे भरून घेण्यासाठी. तुम्ही आधीच पैसे भरले असतील तर सायबर फसवणुकीच्या 1930 ह्या नंबरवर आजच फोन करा, जितका लवकर कराल तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त. आधार-पॅनचे फोटो दिले असतील तर बँकेलाही कळवा. आणि त्या मैत्रिणीला रागावू नका, तिने स्वतः किती भरलेत ते आधी विचारा; बहुतेक तिने अजून घरी सांगितलेलं नसेल.